रेग्युलेटर घेताय? आधी दहा वर्षांचा हिशेब मांडा

स्कूबा डाइव्हिंगच्या ओपन वॉटर या पहिल्या कोर्सचं कार्ड हातात पडलं की स्वतःचा रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा श्वासाला पुरवणारं यंत्र, घ्यावासा वाटतोच. तारकर्ली, गोव्याजवळचं ग्रँड आयलंड किंवा अंदमानातल्या स्वराज द्वीपला भाड्याच्या सामानावर चार-सहा दिवस काढलेले असतात. कधी माउथपीसवर आधीच्या माणसाच्या दातांच्या खुणा दिसतात, कधी ऑक्टोपस, म्हणजे जोडीदारासाठी ठेवलेला जादा तोंडाचा भाग, पाण्यात उतरताच सूं करत हवा सोडायला लागतो. घरी आलो की आपण किमती शोधायला बसतो. किमती लगेच सापडतात, पण पुढच्या दहा वर्षांत त्या यंत्रावर काय खर्च येणार हे त्या किमतीत दिसत नाही. बहुतेकांच्या बाबतीत हा मागाहूनचा खर्च खरेदीच्या किमतीला गाठतो, पुष्कळदा ओलांडतोही.

हे मी कुणाला घाबरवायला लिहीत नाही. पाण्याखाली आपला प्रत्येक श्वास या यंत्रातून येतो. त्याची देखभाल परवडते की नाही हे विकत घेण्याआधी कळायला हवं. नंतर कळलं तर माणसं सर्व्हिस पुढे ढकलत राहतात, आणि ती मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट आहे.

पहिली पायरी: पैसे नेमके कशावर जातात ते समजून घ्या

आपण ज्याला ‘रेग्युलेटर’ म्हणतो तो खरा एक संच असतो. सिलिंडरवर बसते ती फर्स्ट स्टेज. सिलिंडरमधला २०० बारच्या आसपासचा दाब ती भोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा साधारण ९ ते १० बार जास्त इतक्यावर आणते. याला इंटरमीजिएट प्रेशर म्हणतात. तोंडात असते ती सेकंड स्टेज, जोडीदारासाठी ठेवलेली दुसरी सेकंड स्टेज म्हणजे ऑक्टोपस. शिवाय प्रेशर गेज आणि या सगळ्यांना जोडणारे होज.

सर्व्हिसच्या दृष्टीने ही तीन यंत्रं आहेत: एक फर्स्ट आणि दोन सेकंड स्टेज. तिन्ही वेगवेगळी उघडावी लागतात आणि तिन्हींना वेगळा किट, म्हणजे बदलायच्या झिजणाऱ्या भागांचा संच, लागतो. दुकानदार ‘सर्व्हिस इतक्या रुपयांत’ म्हणाला तर तो आकडा एका स्टेजचा की पूर्ण संचाचा, आणि किट धरून की फक्त मजुरी, एवढं विचाराच. निम्मे गैरसमज इथेच होतात.

फर्स्ट स्टेज दोन जातींची असते. पिस्टनवाल्या रचनेत हलणारे भाग कमी असतात. साध्या अनबॅलन्स्ड पिस्टनमध्ये दोन-चार ओ-रिंग (रबरी कड्या) आणि एक सीट (धातूची धार जिच्यावर टेकून हवा अडवते ती चकती) बदलली की काम झालं. मात्र पिस्टनच्या स्प्रिंगभोवती समुद्राचं पाणी शिरतं, म्हणून मीठ आणि बारीक रेती आत साचते. डायाफ्रामवाल्या रचनेत रबरी पडदा पाणी बाहेर अडवतो आणि सील केलेल्या मॉडेलमध्ये स्प्रिंगलाही खारं पाणी लागत नाही. त्यात भाग जास्त, त्यामुळे किटही सहसा महाग. वर्षाला दहा-पंधरा डाइव्ह करणाऱ्या, १८-२० मीटरपर्यंत जाणाऱ्या माणसाला साधा पिस्टन आणि चांगली सेकंड स्टेज भरपूर झाली, असं माझं स्पष्ट मत आहे. खोल जाणार असाल, वाळू-गाळ फार असलेल्या ठिकाणी उतरणार असाल, तर सील केलेल्या डायाफ्रामचे जास्तीचे पैसे सार्थकी लागतात.

टायटॅनियमचा मोह बऱ्याच जणांना होतो. हलका असतो, गंजत नाही, हे खरं. पण आतल्या ओ-रिंग आणि सीट रबर-प्लास्टिकच्याच असतात आणि त्या तितक्याच झिजतात. धातू महाग घेतला म्हणून सर्व्हिस टळत नाही.

दुसरी पायरी: ब्रँडच्या आधी तंत्रज्ञ शोधा

मोटारसायकल घेताना आपण आधी विचारतो, ‘सर्व्हिस सेंटर कुठंय?’ इथे हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे, कारण आपल्याकडे रेग्युलेटर उघडणारी प्रशिक्षित माणसं मोजकीच आहेत. तंत्रज्ञाला ब्रँडनुसार, कधी मॉडेलनुसारही प्रशिक्षण घ्यावं लागतं. एका कंपनीचा किट दुसरीच्या यंत्रात बसत नाही.

दोन-तीन दुकानांना किंवा डाइव्ह सेंटरना फोन करा आणि एवढंच विचारा: हे मॉडेल तुमच्याकडे उघडतात का? किट स्टॉकमध्ये असतो की मागवावा लागतो? मागवला तर किती आठवडे? सर्व्हिसनंतर दाबाचे आकडे लिहून देता का? या चार प्रश्नांना नीट उत्तरं मिळाली तो ब्रँड घ्या. परदेशातून येताना स्वस्तात आणलेला उत्तम रेग्युलेटर किट मिळत नाही म्हणून दोन सीझन कपाटात पडून राहिलेला मी पाहिलाय.

आणखी एक. अनेक कंपन्या पहिल्या मालकाला ‘आयुष्यभराची’ वॉरंटी देतात. ती धातूच्या भागांतल्या दोषासाठी असते, झिजणाऱ्या भागांसाठी नाही. शिवाय अधिकृत केंद्रात वेळच्या वेळी तपासणी झाल्याची नोंद लागते. एक वर्ष चुकलं की वॉरंटी जाते का, हे पुस्तिकेत वाचा. मगच तिची किंमत मनात धरा.

तिसरी पायरी: कागद घ्या आणि बेरीज करा

बहुतेक निर्माते साधारण हेच सांगतात: वर्षातून एकदा तपासणी आणि दोन वर्षांनी किंवा १०० डाइव्हनंतर, जे आधी होईल तेव्हा, पूर्ण सर्व्हिस. काहींची मुदत यापेक्षा लांब असते. तुमच्या पुस्तिकेत असेल ती धरा.

खालचे आकडे मी हिशेब समजावा म्हणून धरलेत. तुमच्या दुकानाचे दर त्यांच्या जागी घाला.

समजा संच ६०,००० रुपयांचा. एका पूर्ण सर्व्हिसला तीन स्टेजची मजुरी प्रत्येकी १,५०० प्रमाणे ४,५०० आणि तीन किटचे मिळून ५,५००, म्हणजे १०,००० रुपये. दहा वर्षांत दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि आठव्या वर्षी मिळून चार सर्व्हिस झाल्या: ४०,०००. मधल्या पाच वर्षांची नुसती तपासणी १,५०० प्रमाणे ७,५००. चार होज एकदा बदलले, प्रत्येकी ३,००० प्रमाणे १२,०००. माउथपीस आणि त्यांचे पट्टे ३,०००. प्रेशर गेजच्या सांध्यातला छोटा स्पूल आणि सुटे ओ-रिंग ५००. गावात तंत्रज्ञ नसेल तर विमा उतरवून जाण्या-येण्याचं कुरिअर, नऊ वेळा प्रत्येकी १,००० प्रमाणे ९,०००.

बेरीज ७२,०००. खरेदी धरून १,३२,०००. दहा वर्षांनी संच १२,००० ला विकला गेला असं धरलं तर निव्वळ खर्च १,२०,०००, म्हणजे वर्षाला १२,०००.

आता वर्षाला १० डाइव्ह करणाऱ्याला एक डाइव्ह १,२०० रुपयांना पडली. वर्षाला ४० करणाऱ्याला तीच ३०० ला. दोघांचा सर्व्हिसचा खर्च सारखाच, कारण ४० डाइव्हवाला दोन वर्षांत ८० पर्यंतच पोचतो, त्याची सर्व्हिसही वर्षांच्याच हिशेबाने येते. कपाटात पडलेल्या यंत्राचं रबरसुद्धा सुकतं आणि सीटवर स्प्रिंगचा दाब असतोच. ‘मी वापरलाच नाही, मग सर्व्हिस कशाला?’ हा प्रश्न म्हणूनच टिकत नाही.

भाडं स्वस्त की स्वतःचा?

इथे आपल्याकडची परिस्थिती वेगळी आहे. अंदमान, गोवा, मालवण भागातल्या बऱ्याच सेंटरमध्ये डाइव्हच्या दरात सामान धरलेलंच असतं. स्वतःचा रेग्युलेटर नेला म्हणून फारशी सूट मिळत नाही, कधी काहीच मिळत नाही. त्यामुळे ‘भाडं वाचेल’ हे कारण भारतात बहुधा लंगडं पडतं. परदेशात, जिथे सामानाचं भाडं दिवसावर वेगळं लावतात तिथे, गणित बदलतं. तुमच्या नेहमीच्या सेंटरला सूट किती ते विचारा आणि वरच्या दर-डाइव्ह आकड्याशी ताडून बघा.

पैशाच्या हिशेबात न बसणारी दोन कारणं मात्र खरी आहेत: तोंडात जाणारी वस्तू फक्त आपली असणं, आणि ती शेवटची कधी उघडली होती हे आपल्याला ठाऊक असणं. वर्षाला पंधरापेक्षा कमी डाइव्ह असतील आणि ही दोन कारणं तुम्हाला फार महत्त्वाची वाटत नसतील, तर आधी स्वतःचा मास्क आणि डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ दाखवणारं मनगटी यंत्र) घ्या. भाड्याच्या रेग्युलेटरला स्वतःचा माउथपीस लावून द्यायला बरीच सेंटर तयार असतात. काही शे रुपयांत अर्धा प्रश्न सुटतो.

चौथी पायरी: धुणं, जिथे खरे पैसे वाचतात

माझ्या पहिल्या रेग्युलेटरचं काय झालं ते सांगतो. डाइव्ह संपवून बोट किनाऱ्याला लागली, सगळ्यांनी आपापलं सामान गोड्या पाण्याच्या टबात टाकलं, मीही टाकलं. फर्स्ट स्टेजच्या तोंडावरच्या झाकणाचा, म्हणजे डस्ट कॅपचा, स्क्रू नीट आवळलेला नव्हता. बाहेरून काहीच कळलं नाही, श्वास नेहमीसारखाच येत होता. आठ महिन्यांनी तंत्रज्ञाने माझ्यासमोर फर्स्ट स्टेजच्या तोंडाची कडी चिमट्याने काढली आणि आतला नाण्यापेक्षा लहान फिल्टर टेबलावर उपडा केला. देवघरातल्या तांब्याच्या पळीवर चढतो तसला हिरवा थर त्याच्यावर चढलेला होता. त्याच्या मागची भिंतही तशीच. साधी तपासणी करायला गेलो होतो, पूर्ण सर्व्हिस करून परतलो.

तेव्हापासून मी फिल्टर दर वेळी टॉर्च लावून बघतो. हिरवट असेल तर पाणी आत गेलंय. तांबूस-तपकिरी भुकटी असेल तर एखाद्या स्टीलच्या सिलिंडरमधला गंज आलाय. काळी धूळ दिसली तर हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरच्या फिल्टरमधला कोळसा असू शकतो. त्या सेंटरला तसं नक्की सांगा, कारण प्रश्न त्यांच्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या हवेचा आहे.

धुण्याची रीत अशी.

सिलिंडरवरून काढल्यावर डस्ट कॅप आतून बाहेरून कोरडी करा. कोरड्या कापडानेच करा. सिलिंडर उघडून हवेच्या झोताने उडवायची सवय लावू नका, त्या झोताने कॅपवरचं पाणी फिल्टरकडे ढकललं जाऊ शकतं आणि आवाजाने कानाला त्रास होतो तो वेगळा. मग कॅप लावा, स्क्रू आवळा, बोटाने हलवून बघा.

त्यानंतर गोड्या, कोमट पाण्यात निदान अर्धा तास बुडवून ठेवा. नळाखाली दोन मिनिटं धरल्याने वरचं मीठ जातं, पण स्प्रिंगच्या फटीत आणि होजच्या टोकाशी वाळलेलं मीठ विरघळायला वेळ लागतो. बुडवलेलं असताना सेकंड स्टेजवरचं पर्ज बटण (दाबलं की हवा सोडणारं) अजिबात दाबू नका. दाब नसलेल्या सेकंड स्टेजमध्ये बटण दाबलं की व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी होजमधून थेट फर्स्ट स्टेजपर्यंत जातं. लहान मुलांना हे बटण फार आवडतं, त्यांना टबापासून लांब ठेवा.

सगळ्यात उत्तम म्हणजे सिलिंडर लावलेला, हवा उघडलेली ठेवून धुणं. आत दाब असेल तर पाण्याला शिरायला वाव राहत नाही. सीझनच्या शेवटच्या दिवशी तरी सेंटरमध्ये सिलिंडर मागून असं धुऊन घ्या.

वाळवताना उन्हात टाकू नका. सावलीत, पंख्याखाली, होजना तीव्र वळण न देता ठेवा.

पाचवी पायरी: पावसाळ्याचे चार महिने

कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात डाइव्हिंग बंद असतं. या काळात यंत्र कसं ठेवलंय यावर पुढच्या सीझनचा खर्च ठरतो. हवा दमट, कपाट बंद, बॅगेत थोडी ओल राहिली की माउथपीसवर काळी बुरशी आणि धातूवर हिरवा थर ठरलेला.

पूर्ण वाळल्याशिवाय बॅगेत घालू नका, दोन दिवस लागले तरी लागू द्या. होजचं मोठं सैल वेटोळं करा. सेकंड स्टेजवर श्वास हलका-जड करायची गोल चावी असेल तर ती पूर्ण बाहेर फिरवून ठेवा, म्हणजे स्प्रिंगचा सीटवरचा ताण कमी राहतो. सिलिकाच्या पुड्या टाका आणि महिन्याने बदला. बॅगेची चेन बंद ठेवा, उघड्या माउथपीसमध्ये मुंग्या-झुरळं शिरतात. इन्व्हर्टर, मोटार, फ्रिजच्या मागची जागा टाळा. विजेच्या ठिणग्यांमुळे तयार होणारा ओझोन रबराला तडे पाडतो. गाडीच्या डिकीत तर कधीच ठेवू नका.

सर्व्हिस करायची असेल तर पावसाळ्यातच करा. ऑक्टोबरात सगळेच धावतात.

सहावी पायरी: स्वतः करायच्या तपासण्या

यंत्र स्वतः उघडू नये असं माझं मत आहे, प्रशिक्षण घेतलं असेल तर गोष्ट वेगळी. पण न उघडताही बरंच कळतं.

पहिली तपासणी फुकट आहे. डस्ट कॅप आवळा, सेकंड स्टेज तोंडात धरा आणि हवा ओढा. काहीच यायला नको, आणि ओढलेली पोकळी दोन-तीन सेकंद टिकायला हवी. हवा झिरपत आली तर पडदा, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंवा माउथपीस फाटलेला आहे. पाण्याखाली हाच रेग्युलेटर घोटभर पाणी देईल. माउथपीस ओढून, वाकवून बघा. पट्ट्याखालची चीर नुसतं बघून दिसत नाही.

दुसरी तपासणी बादलीची. सिलिंडर लावा, हवा उघडा, सेकंड स्टेजवर श्वासाची कळ (हवा आपोआप सुटू नये म्हणून असलेली) असेल तर ती ‘प्री-डाइव्ह’वर ठेवा. सेकंड स्टेज माउथपीस वर ठेवून हळूहळू पाण्यात उतरवा. आतला पडदा पृष्ठभागाखाली साधारण २.५ ते ४ सेंमी गेला की हिस्स आवाज यायला हवा. फार आधी आला तर यंत्र हळवं झालंय, फार उशिरा आला तर श्वास ओढायला जड जाणार.

तिसरीसाठी इंटरमीजिएट प्रेशरचा छोटा गेज लागतो. तो बीसीडी (पाण्यात तरंगणं सांभाळणारं हवेचं जाकीट) फुगवायच्या होजला खट्कन बसतो आणि संपूर्ण संचाच्या तुलनेत अगदी स्वस्त असतो. माझ्या मते सुरुवातीलाच घ्यावी अशी ही वस्तू. पर्ज दाबून सोडला की काटा खाली जाऊन परत आपल्या जागी यायला हवा आणि तिथेच थांबायला हवा. पाच मिनिटांत तो हळूहळू वर सरकत राहिला तर हाय-प्रेशर सीट झिजलीय. सेकंड स्टेज आपोआप हवा सोडायला लागण्याच्या आधी ही खूण मिळते, म्हणजे सहलीच्या मध्ये न होता घरी बसून दुरुस्ती होते. दर वेळचा आकडा तारखेसह वहीत लिहा.

होजची तपासणी बहुतेक जण विसरतात. टोकाची रबरी टोपी मागे सरकवून बघा, भेगा आणि गंज तिच्याखालीच लपतात. विणीच्या कापडी होजबद्दल विशेष सांगतो. ते हलके आणि लवचीक असतात, पण त्यांची आतली प्लास्टिकची नळी उष्ण, दमट हवामानात आतून खराब होऊन हवेची वाट अडवू शकते. जुन्या होजमध्ये असं घडल्याचा इशारा डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हरांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या संस्थेने दिलेला आहे. बाहेरून काहीच दिसत नाही. आपलं हवामान तसंच आहे, त्यामुळे उत्पादनाची तारीख बघा आणि पाच वर्षांपुढे ताणू नका. मी स्वतः साधे रबरी होजच वापरतो.

सातवी पायरी: सर्व्हिसला देताना आणि घेताना

देताना अनुक्रमांक, तक्रार आणि शेवटच्या सर्व्हिसची तारीख लिहून द्या. ‘जरा बघा’ असं सांगितलं तर काम नुसतं बघण्यावर थांबू शकतं. ‘डाव्या बाजूला मान वळवली की पाणी येतं’ असं सांगा. ४० टक्क्यांहून जास्त ऑक्सिजनच्या मिश्रणासाठी वापरणार असाल तर तेही आधी सांगा, त्याची साफसफाई आणि ग्रीस वेगळं असतं.

घेताना तीन गोष्टी मागा: बदललेले जुने भाग, सर्व्हिसच्या आधीचे आणि नंतरचे दाबाचे आकडे, आणि किटच्या नोंदीसह बिल. जुने भाग बघण्यासारखे असतात. मला परत मिळालेली सीट नखाएवढी चकती होती, तिच्यावर मधोमध गोल खाच उमटलेली, लाखेवर शिक्का उमटावा तशी. दोन वर्षं धातूची धार त्याच एका वर्तुळावर टेकलेली असते. ती खाच बोटाला लागली तेव्हा दहा हजार कशाचे देतोय हे मला कळलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सर्व्हिस होऊन आलेला रेग्युलेटर थेट अंदमानच्या विमानात घालू नका. नवी सीट बसायला थोडा वेळ घेते आणि दाब किंचित हलतो. एखादा होज कमी आवळलेला राहू शकतो. निघण्याच्या निदान महिनाभर आधी सर्व्हिसचं काम उरकून घ्या, घरी आल्यावर गेज लावून आकडा ताडा आणि एकदा पूलमध्ये किंवा उथळ पाण्यात उतरून या. विमानात तो केबिन बॅगेतच न्या.

जुना घ्यावा का, आणि कधी थांबावं

वापरलेला संच चांगला मिळू शकतो, फक्त किमतीत एक पूर्ण सर्व्हिस आणि चार नवे होज मिळवून मगच तुलना करा. आमच्या धरलेल्या दरांनी ते २२,००० होतात. २५,००० चा जुना संच म्हणजे ४७,००० चा झाला, आणि बऱ्याचदा वॉरंटी पहिल्या मालकाबरोबर संपलेली असते. मॉडेल बंद झालंय का आणि किट अजून येतो का, हे पैसे देण्याआधी तंत्रज्ञाला अनुक्रमांक सांगून विचारा.

धातूचं शरीर नीट ठेवलं तर वीस वर्षंही चालतं. थांबायची वेळ तीन प्रकारे कळते: किट मिळेनासा होतो, ज्या धातूच्या कडेवर सीट टेकते ती कड खड्डे पडून खराब होते, किंवा एका सर्व्हिसचा खर्च नव्या साध्या रेग्युलेटरच्या निम्म्यावर जातो. तसं झालं की फर्स्ट स्टेज बदला. सेकंड स्टेज आणि गेज चांगले असतील तर नव्या फर्स्ट स्टेजवर चालतात का, तिचा इंटरमीजिएट प्रेशर त्यांना जुळतो का, हे तंत्रज्ञाकडून तपासून घ्या. पूर्ण संच टाकायची गरज क्वचितच पडते.